दोन्ही तळवे आभाळाकडे

कासम वस्ताद,

तुम्ही गेलात त्याला आज पाच दिवस झाले, आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. सकाळी कंपनीच्या दवाखान्यात प्रेस मशीनवरचा एक माणूस कोपर धरून आला. कोपर सुजून लाल झालेलं, कुणीतरी तेल लावून जोरात चोळलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "भोसरीच्या वस्तादांकडे गेला होतास ना?" आणि मग मी जीभ चावली. कंपाउंडर खाली मान घालून कापूस कापत राहिला. कोपर चोळणं तुम्ही कधीच सोडलं होतंत हे मला पक्कं माहीत होतं, तरी चौदा वर्षं प्रत्येक सुजलेल्या कोपराचा राग मी तुमच्यावरच काढत आले. आता तो राग कुणावर काढायचा ते सुचत नाही.

लोक तुमच्याबद्दल जे जे बोलतात ते खरं आहे, म्हणून मी ते पुन्हा सांगत बसत नाही. तालमीत तुम्ही किती पैलवान घडवलेत, दारातल्या सायकलच्या दुकानात बसून किती निखळलेले हात जागेवर बसवलेत, हे माझ्याआधी तुमच्या गावानेच सांगितलं आहे. मला बोलायचं आहे ते एकाच उजव्या खांद्याबद्दल. नामदेव वायरमनच्या. तो खांदा मी ओळखला, माझ्यामुळे त्याची नोकरी राहिली, असं इथे सगळे मानतात. ते खरं नाही. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला. तुम्ही शहाणपणाने गप्प राहिलात. मी का गप्प राहिले, ते तुम्ही ओळखलं नसेल असं मला वाटत नाही.

आपली ओळखसुद्धा भांडणानेच झाली. मी नुकतीच पुण्याहून डॉक्टर होऊन कंपनीच्या दवाखान्यात रुजू झाले होते, अंगावरच्या कोटाची खळही उतरली नव्हती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहत होते आणि दोन कारखान्यांच्या मधे अजून ज्वारी दिसायची. भट्टीखात्यातला एक दांडगा गडी घसरून पडला आणि उजवा खांदा उतरवून आला. खांद्याची गोलाई गेलेली, दंडाच्या हाडाचं मुंडकं खोबणीतून निसटून पुढे छातीकडे आलेलं. पुस्तकात लिहिलं होतं तसं मी त्याला टेबलावर निजवलं, चप्पल काढून बगलेत टाच लावली आणि हात ओढला. मग कंपाउंडरने ओढला. मग आम्ही दोघांनी मिळून ओढला. आम्ही ओढू तितके त्याचे स्नायू आणखी ताठ होत होते, आणि तो असा ओरडत होता की कँटीनमधून माणसं धावत आली. त्याच्या सोबत्यांनी मला न विचारता कुणाला तरी सायकलवर पिटाळलं, आणि अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही दारात.

लुंगी, खाकी शर्ट, बोटांना चेनचं ग्रीस. "हात धुवा," एवढंच मी बोलू शकले. तुम्ही निमूट हात धुतलेत, त्याच्या शेजारी स्टुलावर बसलात, त्याचं कोपर अलगद आपल्या तळहातावर घेतलंत आणि विचारलंत, "गाव कंचं रं?"

"चाकणच्या पल्याड, वस्ताद."

"मंग औंदा कांद्याचं काय?"

तो कण्हत कण्हत कांद्याचं सांगू लागला. तुम्ही त्याचा हात बाहेरच्या बाजूला वळवत होतात, पण इतका हळू की मला आधी ते कळलंच नाही. त्याने जरा श्वास रोखला की तुम्ही थांबायचात आणि भाव विचारायचात. कांदा संपून बटाट्यावर गाडी येईपर्यंत खांद्यात टक असा बारीक आवाज झाला. गडी बोलायचा थांबला आणि आपल्याच खांद्याकडे बघत राहिला.

"बाई, हात वढून येत न्हाई," तुम्ही उठता उठता मला म्हणालात. "आपून वढलं की त्यो बी वढतो. त्याला जरा इसरू द्यायचं. मंग त्यो आपसूक घरी जातो."

मी एवढी चिडले होते की आभार मानायचं राहूनच गेलं. माझ्या दवाखान्यात माझ्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, असं मी तुम्हाला सर्वांसमोर सुनावलं. "व्हय, चुकलं," तुम्ही म्हणालात. "फुडल्या टायमाला इचारतो." आणि पुढल्या वेळी पुन्हा न विचारता आलात.

मग कधीतरी गुरुवारच्या सुट्टीला मीच तुमच्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसायला लागले. तालमीच्या आत मी कधी आले नाही, तिथे बायकांनी जायचं नव्हतं. पण दारातून तांबडी माती दिसायची आणि तुम्ही बाहेर बसून एखाद्या पैलवानाच्या उघड्या पाठीवर बोट टेकवून मला शिकवायचात. खवाट्याचं हाड पाठीवर कसं सरकतं, हात डोक्यावर नेताना ते किती फिरतं, थकलेल्या खांद्यात ते कुठे अडखळतं. माझ्याकडे त्या प्रत्येक स्नायूचं लांबलचक नाव होतं. तुमच्याकडे एकही नाव नव्हतं, पण तुमचं बोट त्याच्यावर बरोब्बर पडायचं. मी फरशीवर खडूने मनगटापासून कोपरापर्यंतची दोन हाडं काढून दाखवली, तळवा पालथा केला की एक हाड दुसऱ्यावर कसं आडवं जातं ते सांगायला लागले. माझं चित्र काही केल्या जमेना. तुम्ही चाकाच्या दोन आऱ्या उचलल्यात, एकीवर दुसरी फिरवून दाखवलीत आणि म्हणालात, "आसंच ना?" मी आजही नव्या नर्सना ते आऱ्यांनीच शिकवते.

ट्रक सुरू करायला पुढून हँडल मारताना उलटा झटका बसून मनगट मोडलेले ड्रायव्हर महिन्याला दोन-तीन तरी यायचे. अंगठा हँडलला वळसा घालून धरायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे तुम्ही नाक्यावर उभं राहून त्यांना शिकवलंत. माझ्याकडची मोडकी मनगटं निम्म्यावर आली. आणि मी तुम्हाला शिकवलेली गोष्ट एकच, कोपराची. एका रोग्याच्या कोपराचा एक्स-रे फोटो घेऊन मी भर उन्हात तुमच्या दुकानात आले होते. तुम्ही तो आभाळाकडे धरून पाहिलात.

"ह्ये काय, मासात हाड?"

"चोळल्यामुळे. दुखावलेल्या कोपराला चोळलं की स्नायूतच हाड धरतं. आता हा हात जन्मात पुरता वाकणार नाही."

तुम्ही फोटो परत माझ्या हातात दिलात. पुढच्याच आठवड्यात तुमच्याकडून दोन कोपरं आली, ओल्या फडक्यात सैल बांधलेली, तेलाचा थेंब नाही. तुमची चूक तुम्ही तोंडाने मात्र कधी कबूल केली नाहीत. "तेल वाईट न्हाई बाई, चोळणारा हात वाईट," हेच शेवटपर्यंत. मीही कधी माघार घेतली नाही. हा वाद आता असाच राहणार.

तुमची एक रीत मला फार खटकायची. हात दुखतो म्हणून कुणीही आलं की आधी त्याला समोर उभं करून सांगायचात, "दोन्ही हात फुडं कर. तळवं वर. दुवा मागताना धरत्यात तसं." माणूस कुठल्या का धर्माचा असेना. तो बिचारा तळवे उघडून उभा राहायचा, तुम्ही त्या तळव्यांकडे टक लावून बघायचात, आणि तुमचे ओठ जरासे हलायचे. मला वाटायचं, मंत्रबिंत्र चाललाय. मी कंपाउंडरला हसत सांगितलंही होतं की वस्ताद देवाची परवानगी काढतात, माझी तेवढी काढत नाहीत.

मग नामदेव आला. दापोडीचा, तिशीच्या आतला, घरी म्हातारी आई आणि दोन लहान मुली. टेंपररीवर होता, दोन महिन्यांत पर्मनंट व्हायचा होता. पॅनेलवर काम करताना विजेचा झटका बसून तो मागे फेकला गेला. मी फोटो काढून आणवला. समोरून काढलेला फोटो, हाड अखंड, मुंडकं खोबणीच्या समोर. खांद्याची गोलाईही गेलेली नव्हती. मी लिहिलं, मुका मार, आठ दिवसांनी कामावर येण्यास योग्य, आणि खाली झोकात सही ठोकली.

आठ दिवसांनी तो शिडीवर चढू शकला नाही. "बाई, हात वळतच न्हाई," म्हणाला. मी थोडा वळवून पाहिला, तो कळवळला, मी सोडून दिला. कंपनीतले कामगारांचे साहेब म्हणाले, करंट लागला की सगळ्यांनाच महिनाभर दुखतं, नाटक आहे. मी त्यांना नाही म्हणाले नाही. मलाही तसंच वाटत होतं, कारण फोटो साफ होता. शनिवारपर्यंत कामावर चढ, नाहीतर येऊ नकोस, असा कागद नामदेवच्या हातात पडला.

तो तुमच्याकडे आला. तुम्ही त्याला समोर उभं केलंत, तळवे वर करायला सांगितलंत, पाहिलंत, आणि म्हणालात, "मला काय उमगंना गड्या. बाईंकडंच जा." तो हताश होऊन घरी गेला. आणि तुम्ही दुपारच्या टळटळीत उन्हात सायकल मारत माझ्या दवाखान्यात आलात.

"बाई, आत येऊ का?"

चार वर्षांत पहिल्यांदा तुम्ही विचारलं होतंत. मी तेव्हाच घाबरले.

"नामदेवचा खांदा मागं गेलाय," तुम्ही म्हणालात.

"फोटो साफ आहे, वस्ताद."

"फोटू म्होरनं काढलाय. दारातला माणूस दोन पावलं मागं सरला, तर म्होरनं बघनाऱ्याला त्यो दारातच दिसतो की." मग तुम्ही माझ्या टेबलासमोर उभे राहिलात आणि आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडलेत. "डावा आसा आभाळाकडं गेला. उजवा हितंच अडला, पोटाकडं बघत. दंड आत वळून कुलूप लागल्यागत बसलाय. हात आत वळवनारे गडी लई, छातीचे, पाठीचे, बगलंतले. भायेर वळवनारे दोनच, आन् त्ये बी बारके. झटक्यात समद्यांनी एकदम वढलं तर कोन जिंकंल?"

मी तुमच्या तळव्यांकडे बघत राहिले. मंत्र नव्हताच कधी. इतकी वर्षं तुम्ही प्रत्येक माणसाचा खांदा, कोपर, पुढच्या हाताची दोन हाडं आणि मनगट एका नजरेत तपासत होतात, आणि ओठांनी दोन्ही बाजू ताडून पाहत होतात. मी ते शेजारी बसून पाहत होते आणि हसत होते.

"मग तुम्हीच का नाही बसवलात?" मी रागानेच विचारलं.

"बारा दिस झाल्यात, आता भूल लागंल. आन् म्या बसवला आसता तरी तुमचा कागूद तसाच ऱ्हायला आसता. हात आला आसता, नोकरी गेली आसती. वर कंपनी म्हणली आसती, हाडवैद्यानं मोडला." तुम्ही सायकलची किल्ली उचललीत. "त्याला तुमी बोलवा. माझं नाव कुटं येऊ दिऊ नका."

मी नामदेवला बोलावून पुन्हा फोटो काढवला, या वेळी हात जरा उचलून बगलेतून. मुंडकं खोबणीच्या मागे होतं, अगदी स्पष्ट. मग आधीचा दाखला चुकीचा होता असं लिहिलं, पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे भूल देऊन खांदा बसवला. सहा आठवडे हात बांधून ठेवला. पुढे तुम्ही त्याला तालमीतला हलका लाकडी मुदगल धरायला लावून हळूहळू हात मोकळा केलात. कामावरून काढायचा तो कागद मागे घेतला गेला, नामदेव कामावर राहिला आणि थोड्या उशिराने पर्मनंट झाला. नव्या दाखल्यात मी लिहिलं होतं, फेरतपासणीत माझ्या लक्षात आले. वस्ताद, ती एक ओळ मला दहा वर्षं टोचते आहे.

दर दसऱ्याला नामदेव माझ्यासाठी पेढे आणायचा. तुमच्या तालमीच्या ओट्यावर बसून तो भोळेपणाने सांगायचा, वस्तादांना न्हाई कळलं, पण बाईंना कळलं. हळूहळू काही माणसं तुमच्याकडे न येता थेट माझ्याकडे यायला लागली. "बाई, माझी गिऱ्हाइकं पळवली तुमी," म्हणून तुम्ही मला चिडवायचात आणि मी हसून चहा घ्यायचे. कशी घेऊ शकले कोण जाणे. पहिल्या वर्षी भीती खरी होती, नाव फुटलं असतं तर नामदेवचं नुकसान झालं असतं. तो पर्मनंट झाल्यावर कसली भीती होती? पुढची नऊ वर्षं निव्वळ माझा मोठेपणा होता. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी सांगायचं ठरवूनच आले होते, की आता सगळ्यांना खरं सांगते. तुम्ही थकलेले दिसत होतात. मी बसले, आणि कोपराच्या तेलावरून भांडून परत गेले.

परवा तिसऱ्या दिवसाच्या फातिहाला मी आले. अंगणात पुरुष बसले होते, मी दाराशी भाभींजवळ, तुमच्या बायकोशेजारी बसले. एकेक जण तुमच्याबद्दल बोलत होता. नामदेव उठला. केस पिकायला लागलेत त्याचे. "वस्ताद लई मोठा मानूस," तो म्हणाला, आणि डोळे पुसत, अगदी प्रेमाने पुढे म्हणाला, "फकस्त माझ्या हाताचं तेवढं त्यांना उमगलं न्हवतं. त्ये आपल्या बाईंनी..."

मी उभी राहिले. पुरुषांच्या बैठकीत बाईने बोलावं की नाही, हे त्या वेळी मनातही आलं नाही. "नामदेव, त्यांनाच उमगलं होतं," मी म्हणाले. "चूक माझी होती. तुझा हात बरा आहे म्हणून मी सही केली होती. तू त्यांच्याकडून गेलास त्याच दुपारी ते उन्हातून माझ्याकडे आले आणि खांदा मागे गेलाय म्हणून त्यांनी मला सांगितलं. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून, माझं नाव कुठे घेऊ नका, असं ते म्हणाले. नंतर नाव घ्यायला कुणाची हरकत नव्हती. मीच घेतलं नाही."

नामदेव नुसता माझ्याकडे बघत होता. तेव्हा शेजारून भाभी हळूच म्हणाल्या, "मला ठावं हुतं, बाई. त्याच दिशी सांगितलं हुतं त्यांनी. फुडं यकदा म्या म्हणलं, समद्यांनी तुमास्नी नावं ठिवली, आता तरी सांगा की. तर म्हणले, बाईला वढू नगंस. तिचं ती यील."

वस्ताद, इतकी वर्षं तुम्ही माझंही कोपर तळहातावर घेऊन बसला होतात आणि मला कांद्याचे भाव विचारत होतात. मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर. मला त्याची लाज वाटली नाही. तुमच्याकडून मी हाडं शिकले, स्नायू शिकले, आणि कुणाला न दुखवता कसं थांबायचं हेही शिकले असते, तर किती बरं झालं असतं. पण जेवढं शिकले तेवढ्यावरही माझ्या हातून हजारो हात बरे झाले, आणि त्यातला एकही तुमच्याशिवाय झाला नसता. हे मी तुम्हाला बाकावर बसून सांगायला हवं होतं.

मग मौलवींनी दुवा सुरू केली. सगळ्यांनी हात पुढे केले. नामदेवच्या घरात बुद्धाची तसबीर आहे, दुवा कशी मागतात हे त्याला ठाऊक नाही. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि शेजारच्यांसारखे आपलेही दोन्ही हात पुढे धरले. डोळे मिटायचे होते, माझे उघडेच राहिले.

मी तपासून पाहिलं, वस्ताद. दोन्ही तळवे सारखे होते.